शिळं पाणी

एप्रिल अर्धा सरला की पुण्यातली माणसं पेपर मागच्या पानापासून वाचायला लागतात. तिथे कुठेतरी खाली कोपऱ्यात एक चौकोन असतो. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला आणि प्रत्येकापुढे आजचा साठा किती, गेल्या वर्षी याच दिवशी किती. चारही धरणं काठोकाठ भरली तर मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. ज्यांचा शेअर बाजारात छदाम नाही असे लोकसुद्धा हे आकडे रोज बघतात आणि जिन्यात भेटल्यावर "आज पॉइंट एकने खाली" असं पडेल चेहऱ्याने सांगतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३१ कोटी. मी हा हिशेब एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडला. सगळे गप्प झाले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "एवढं आहे ना? मग आमच्या मोरीतल्या नळाला करंगळीएवढी धार का?"

टीएमसी आणि मोरी यांच्यामध्ये काय काय होतं, ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

२०२३ साली या चौकोनाशेजारी एल निनो येऊन बसला. पाऊस ओढ देणार या धास्तीने मे महिन्यातच शहरात दर गुरुवारी पाणी बंद ठेवायचं ठरलं. एल निनो म्हणजे पार तिकडे प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि त्यामुळे इकडचा पाऊस बिघडतो, असं मी काकूंना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांच्याकडे बंद ठेवायचं ना, आमच्याकडे कशाला?"

गुरुवार हा पुण्यात तसाही बंदचा वार. वीजवाल्यांची देखभाल-दुरुस्ती गुरुवारी, भोसरीकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि निम्म्या शहराचा उपास गुरुवारी. त्यात पाणी गेलं तर एक गोष्ट वाढली, इतकंच. शिवाय त्या बातमीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. माझ्या मते मराठीत इतकं प्रामाणिक वाक्य दुसरं नाही. त्यातला शब्दन् शब्द खरा होतो. उशिरा म्हणजे उशिराच आणि कमी म्हणजे कमीच.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं, पाणीकपात गुरुवारी असते. ती असते बुधवारी संध्याकाळी. साडेसहाच्या सुमारास आमच्या इमारतीतले सगळे नळ एकदम सुटतात. पिंप भरतं, बादल्या भरतात, टब भरतात. मग माळ्यावरून आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ उतरतं. ते चिंचेने घासून धुतलं जातं (या धुण्याला किती पाणी लागलं ते विचारायचं नाही) आणि भरलं जातं. मग कुकर, मोदकपात्र, दुधाचं मोठं पातेलं. पहिल्या मजल्यावरच्या एका कर्तबगार गृहस्थांनी वॉशिंग मशीन भरून घेतलं आणि ते मध्येच थांबवून ठेवलं. आठ वाजेपर्यंत वरची टाकी खडखडते. वॉचमन पंप लावतो, मग खालची टाकी तळ गाठते. म्हणजे गुरुवारसाठी राखलेलं सोसायटीचं पाणी बुधवारी रात्रीच घराघरांत भांड्यांतून उभं राहतं.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावं, असा सरकारी मापदंड आहे. आमच्या घरात माणसं चार. बुधवारी रात्री आमच्याकडे जे पाणी भरलेलं असतं ते पाहिलं तर एखाद्याला वाटावं की इथे कार्य आहे. आणि गुरुवारी त्यातलं वापरायचं किती? जेमतेम दोन बादल्या. कारण गुरुवारी त्या पाण्याला कुणी हातच लावू देत नाही. "ते राहू दे, लागेल." अंघोळीला निघालो तर "अर्ध्या बादलीत उरका." हात धुवायला गेलो तर "पिंपातलं घेऊ नका, ते वरच्या कामाचं आहे." मग बादलीतलं? "ते प्यायचं आहे." टबातलं? "ते अडीअडचणीचं." साबुदाणा भिजवायला घेतलेलं वाटीभर पाणी सोडलं तर आमच्या घरात गुरुवारी जी बचत होते, तिला तोड नाही.

आणि मग शुक्रवार उजाडतो. नळ आधी नुसता फुसफुसतो. मग खोकतो. मग चहाच्या रंगाचं काहीतरी थुंकतो. "पहिलं पाणी सोडून द्या," असं शेजारून कुणीतरी ओरडतं आणि अख्खी इमारत ते इमानेइतबारे सोडून देते. पाणी निवळलं की बायको पदर खोचते आणि बुधवारपासून राखलेलं सगळं पाणी मोरीत ओतायला लागते. पिंप, बादल्या, टब, घंगाळ. कारण ते आता शिळं झालं.

मी एकदा धीर करून विचारलं, "अगं, हे पाणी गेल्या सप्टेंबरपासून पानशेतमध्ये उभं होतं. तिथे आठ महिन्यांत शिळं झालं नाही, मग आपल्या पिंपात दोन रात्रींत कसं झालं?"

"धरणाला झाकण नसतं," ती म्हणाली आणि पिंप आडवं केलं.

यावर जलसंपदा खात्याकडेही उत्तर नसेल.

कपातीचे सरकारी नियम तसे साधेसरळ असतात. पिण्याच्या पाण्याने गाड्या, अंगणं, जिने धुऊ नका. बांधकामाला नळाचं पाणी वापरू नका, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं घ्या. टाक्या वाहू देऊ नका. अडचण होते ती हे नियम सोसायटीच्या पायरीवर आल्यावर. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. एवढ्या त्रोटक मजकुरावर त्यांचं समाधान होणं शक्य नव्हतं. त्यांनी लिफ्टशेजारी स्वतःची नियमावली लावली. तिच्यातल्या प्रत्येक कलमामागे एक माणूस उभा होता आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. "गिझरचे गरम पाणी येईपर्यंत गार पाणी सोडून देऊ नये" हे तिसऱ्या मजल्यासाठी. "तुळशीस पाणी घालावे, मोगऱ्यास विचार करून घालावे" हे काकूंसाठी. "पाहुण्यांस पाणी अर्धा पेला द्यावे, पुन्हा मागितल्यास पुन्हा अर्धा" हे हॉटेलांवरून घेतलेलं. तिकडे कपातीच्या दिवसांत अर्धा ग्लास देतात. मी स्वतः एका हॉटेलात दोन अर्धे ग्लास शेजारी शेजारी मागून घेणारे गृहस्थ पाहिले आहेत.

खरी लढाई झाली ती गाडीवरून. बी विंगमधले कर्नल रोज सकाळी सहाला गाडी घेऊन उभे. सोबत बादली, फडकं, आणि नियमाचा शब्दन् शब्द पाठ.

"मी धूत नाही, पुसतो आहे," ते म्हणाले.

"बादल्या किती?" सेक्रेटरी.

"तीन. पण पाइप लावलेला नाही."

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी दुरुस्तीपत्रक लागलं: "फडके पिळल्यावर पाणी ठिबकल्यास ते धुणे समजण्यात येईल." कर्नलनी पिळणंच बंद केलं. ते ओलं फडकं गाडीच्या टपावर तसंच पसरून ठेवायला लागले आणि वाळल्यावर घडी करून घेऊन जायला लागले. या प्रकाराला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. मीटिंगच्या विषयपत्रिकेवर मात्र तो विषय आहे.

पावसाचं पाणी मुरवण्याची सोय असली की इथे मिळकतकरात सूट मिळते, म्हणून आमच्याकडे तीही आहे. गच्चीवरून एक जाडजूड पाइप खाली उतरतो आणि पार्किंगमध्ये जमिनीत शिरतो. त्याचं पुढे काय होतं, हे कंत्राटदाराला माहीत होतं म्हणतात. सूट दरवर्षी येते. पाणी कुठे जातं, याची चौकशी कुणी करत नाही. चौकशी केली आणि सूट गेली तर काय घ्या?

कपात जरा लांबली की टँकर. दहा हजार लिटरचा टँकर फाटकाशी येतो तेव्हा कोपऱ्यापासून फाटकापर्यंत रस्त्यावर एक ओली रेघ असते. त्या रेघेवर पाय न देता वॉचमन टँकर मागे घेववतो. उरलेलं पाणी आम्हाला मिळतं, बिल मात्र दहा हजार लिटरचं. सेक्रेटरी दरवेळी ती रेघ बघतात आणि मला म्हणतात, "यावर एक नियम करायला हवा."

अशाच एका बुधवारी बायकोचा लातूरचा मावसभाऊ कामानिमित्त आला. दारात चपला काढता काढता त्याला बादल्यांची रांग दिसली.

"दाजी, किती दिवसाला येतंय पाणी?"

"गुरुवारी येत नाही."

"आन् बाकीचे दिवस?"

"येतं की."

तो खुर्चीवर टेकला. बराच वेळ घंगाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग कपात कंची हो?"

२०१६ च्या उन्हाळ्यात त्याच्या गावाला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं. मार्चमध्ये तिथे पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती जमावबंदीचं कलम लावावं लागलं, हांडे घेऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. स्टेशनवर लोक ती गाडी बघायला गेले होते, तसा हाही गेला होता. "लोकांनी हार घातले की ओ इंजिनाला," तो म्हणाला. त्यांच्या शेतावर तेव्हा बाजेवर बसून अंघोळ करायचे. बाजेखाली घमेलं. घमेल्यातलं पाणी म्हशीला. "म्हशीनं कधी तक्रार केली न्हाई. साबन लावायचं न्हाई, एवढंच."

शुक्रवारी सकाळी बायकोने पिंपाला हात घातला तसा तो धावत आला. "अक्का, काय करायलीस?"

"शिळं आहे रे ते."

"दे इकडं."

त्यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. एक बादली घेतली. तिच्यातल्या पाण्यात आधी मेथी धुतली. ते पाणी खाली बसू दिलं, माती तळाला राहिली. वरच्या पाण्यात खरकटी भांडी पहिल्या हाताने विसळली. त्याच पाण्यात फडकं बुडवून फरशी पुसली. जे काळंभोर उरलं ते संडासात ओतलं. तळाची मेथीची माती उचलून खिडकीतल्या कुंडीत. बादली पालथी घातली तर तिच्यातून थेंब पडला नाही. बायको हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आदर होता, पण फरशी पुन्हा पुसायचीही होती.

तो राहिला तेवढे दिवस आमच्या घरचं पाणी मोरीपर्यंत पोचलंच नाही. त्याची कीर्ती सेक्रेटरींच्या कानावर गेली. ते वही घेऊन खाली आले आणि त्यांनी त्याच्याकडून बादलीचा क्रम उतरवून घेतला. लिफ्टशेजारी कलम लागलं: "एका बादलीचा चार वेळा वापर करावा." काकूंनी ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे चार बादल्या चालतील?" पाव्हणा लातूरला गेला. पुढच्या शुक्रवारी मोरीतून घळघळ आवाज आला, तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि वाचतच राहिलो.

मग यथावकाश पाऊस आला, धरणं भरत गेली, कपात उठली. खडकवासल्यातून नदीत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि तो बघायला निम्मं पुणं छत्र्या घेऊन डेक्कनच्या बाजूला उभं राहतं. ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी दिवसरात्र वाहिलं की एक टीएमसी होतं, म्हणजे उन्हाळ्यात जिन्यात मोजलेले सगळे पॉइंट डोळ्यांसमोरून वाहत जातात. "वाया चाललंय हो सगळं," असं कुणीतरी म्हणतंच. वाया कसलं, ते भीमेला मिळून उजनीत जातं आणि तिकडे सोलापूरकर त्याची वाट बघत असतात. पण कठड्याला टेकून कणीस खाताना एवढा भूगोल कुणाला सुचत नाही.

आता प्रश्न उरला पिंपांचा. घरटी दोन तरी निळी पिंपं झाली होती. काही गॅलरीत, काही जिन्यात. सेक्रेटरींनी ती हलवण्याविषयी पत्रक काढलं, पण गणपती जवळ आले होते. काकूंनी आपलं पिंप राखून ठेवलं, घरच्या घरी विसर्जनासाठी. महापालिका अमोनियम बायकार्बोनेट फुकट देते. ते पाण्यात घातलं की प्लास्टरची मूर्तीसुद्धा विरघळते, फक्त दोनेक दिवस लागतात. काकूंचा गणपती दीड दिवसाचा, म्हणजे त्या वर्षी नेमका बुधवारी विसर्जन. आरती झाली, खिरापत वाटली, मूर्ती पिंपात गेली, वर झाकण बसलं. आणि तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं: उद्या गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने.

मेसेज मागच्या वर्षीचा होता, हे मी लिहीपर्यंत इमारतीतले सगळे नळ सुटले होते. काकू माझ्या दारात उभ्या.

"तुमचं एक पिंप द्या हो. माझ्यात बाप्पा आहेत."

"काकू, पाणी बंद नाहीये उद्या. जुना मेसेज आहे तो."

"असेल. पण शुक्रवारी उशिरा येईल ना?"

मी पिंप दिलं. त्यांच्याच्याने ते उचलेना, म्हणून वरपर्यंत पोचवूनही आलो. परतलो तेव्हा वरची टाकी संपली होती.