खेळाच्या तासात कोणी नापास होत नाही

जळगाव-भुसावळकडच्या पालकांत संदेश फिरतोय: सहावी ते आठवीत धावण्याची ठरलेली वेळ गाठली नाही, तर मूल शारीरिक शिक्षणात नापास. हे चूक आहे. महाराष्ट्रात २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर चालणारी पारख आहे. शारीरिक शिक्षणाला त्यात फक्त आकारिक नोंदी, म्हणजे वर्षभराचा सहभाग आणि प्रात्यक्षिकं. शेवटी धापा टाकत येणारं पोरही रोज मैदानात उतरत असेल, तर मला तेच हवं असतं.

"न खेळणाऱ्याला उन्हात उभं करतात," हेही त्या संदेशात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तर ती क्रूरताच. दमा असेल, पाळी असेल, तर शिक्षकांना आधी कळवा.