नाक कापून घेण्याचा घरगुती उपाय

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं, म्हणून गावाला नाशिक म्हणतात, असं इथे सगळे सांगतात. आमच्या घराण्याला त्यासाठी लक्ष्मणाची गरज पडली नाही. तुमच्याही आजोबांनी सायनस-ॲलर्जीवर औषध काढलेलं असेल, तर आमचा अनुभव फुकटात घ्या.

आधी कृती तिजोरीत टाका. कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल. तिन्ही खडे बाटलीत घालून हलवले की बघता बघता त्यांचं पाणी होतं. हे शेजारच्या आजींनाही ठाऊक आहे, पण तुम्ही बायकोलासुद्धा सांगू नका. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बाटलीवरच्या नावाचे. ते खुशाल उघड्यावर राहू द्या.

ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट फ्रेम करून आजोबांच्या फोटोशेजारी टांगा. दसऱ्याला झेंडूची माळ घाला, तारीख झाकेल एवढी जाड. नोंदणी दहाच वर्षांची असते, असं कोणी म्हणालं तर 'आमचं नाव आजोबांपासूनचं आहे' म्हणून वाटेला लावा.

नूतनीकरणाची ऑनलाइन फी ९,००० रुपये. दिवसाला अडीच रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात नाशकात कटिंगसुद्धा येत नाही. तरी भरू नका. मुदत संपल्यावर सहा महिने ४,५०० जादा भरून भागतं. त्यानंतर वर्ष भरेपर्यंत नाव परत आणायचे आणखी ९,००० वेगळे. इतकी दारं उघडी असताना वर्षभर घोरत पडणं येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. आठवणीची नोटीस येते, पण ती नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या ईमेलवर जाईल अशी सोय आम्ही आधीच करून ठेवली होती.

लेबलावरचा गोलातला 'आर' तसाच राहू द्या. नोंदणी नसताना तो छापणं कायद्यात बसत नाही, पण छापून ठेवलेल्या गठ्ठ्यांचं काय करणार?

नोंदणी गेली तरी जुनी बिलं, जुन्या जाहिराती दाखवून नाव आपलंच आहे म्हणून कोर्टात भांडता येतं. म्हणून दिवाळीच्या सफाईत ती आधी रद्दीत काढा. आम्हाला किलोला चौदा रुपये मिळाले. (वजनकाट्यावर मी स्वतः लक्ष ठेवून होतो.)

परवा थंडीनं नाक चोंदलं. घरातली बाटली संपलेली, म्हणून रविवार कारंजावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि आमच्या औषधाचं नाव घेतलं. पोरानं काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या. नाव एक, रंग एक.

"काका, ओरिजिनल देऊ की तुमची?"