टोमॅटोची पानं ओरबाडली की फळं दुप्पट लागतात म्हणे

गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हिवाळ्यात एक सल्ला फिरतो. झाडाची मोठी पानं दर आठवड्याला काढून टाका. ती खतपाणी खातात, फळावर ऊन पडू देत नाहीत, पानं गेली की सगळी ताकद फळात उतरते. सोबत परदेशातला व्हिडिओ: जवळजवळ उघडी वेल आणि तिला लटकलेले लालबुंद घोस.

यातलं पहिलंच विधान साफ उलटं आहे. मोठं पान खात नाही, कमावतं. मुळं पाणी आणि क्षार पुरवतात, पण फळातली साखर मुख्यतः पानात तयार होऊन फळाकडे जाते. हिरवं फळ स्वतः थोडीफार बनवतं, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. आयतं खाणारं पान असतंच, नाही असं नाही. शेंड्याचं कोवळं पान बऱ्यापैकी मोठं होईपर्यंत इतर पानांच्या साखरेवरच जगतं. गंमत म्हणजे सल्ला देणारे नेमकं हे ठेवायला सांगतात आणि कमावती पानं तोडायला.

मला वाटतं इथे पान आणि बगलफूट यांची गल्लत झाली आहे. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जो नवा फुटवा येतो ती बगलफूट. सतत उंच वाढणाऱ्या, दोरीवर चढवलेल्या जातींत ती कोवळी असतानाच खुडतात, आणि ते योग्यच आहे. पण झुडपासारख्या, ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या जातींत याच फुटव्यांवर बरीच फळं धरतात. तिथे बगलफूटही सरसकट काढली तर तोटाच. बियांच्या पाकिटावर वाढीचा प्रकार दिलेला असेल तर आधी तो वाचा, मग कात्री उचला.

आता फळाला ऊन. टोमॅटो पिकण्यासाठी फळावर थेट ऊन पडावं लागत नाही. पिकणं इथिलीन (फळातच तयार होणारा, पिकवणारा वायू) आणि तापमानावर चालतं. हिरवट फळ स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलं तरी लाल होतं, हे कोणत्याही घरात माहीत असतं. लाल रंगाचं लायकोपीन साधारण २० ते २५ अंशांत चांगलं तयार होतं. ३० च्या बरंच वर गेलं की ते अडतं आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं फळ भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त तापतं. मग त्यावर पांढुरका, कागदासारखा डाग पडतो आणि तिथेच बुरशी शिरते. पानांची सावली ही फळाची छत्री आहे. नाशिककडचे द्राक्षबागायतदार तर मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात.

‘पण द्राक्षात पानं काढतातच की!’ काढतात. घडाजवळची थोडी, हवा खेळावी आणि भुरी-डाऊनी हे बुरशीचे रोग कमी यावेत म्हणून. पण घड पोसायला त्याच काडीवर साधारण १५-१६ पानं राखतात, हे पुढे कुणी पाठवत नाही.

व्हिडिओतलं झाडही खरंच आहे, फक्त अर्धंच दिसतं. हॉलंडच्या काचघरांत टोमॅटोची वेल दहा मीटरच्या पुढे वाढवतात आणि दोरी सैल करत खाली सोडत जातात. उघडा दिसतो तो तिचा जुना, खालचा भाग. तिथली पानं दाटीत सावलीला पडून निरुपयोगी झालेली असतात. वर शेंड्याकडे पंधराच्या आसपास पानांचा डोलारा कायम ठेवलेला असतो. आठवड्याला जेवढी नवी पानं येतात, साधारण तेवढीच खालून काढतात. कुंडीतल्या तीन-चार फुटी झाडाला तो हिशोब लावला तर शिल्लक काय राहणार?

‘पानं काढल्यावर आठवड्यात नवी पालवी आली, म्हणजे झाड खूश’ हाही एक पुरावा देतात. ती पालवी फुटते खोडात साठलेल्या साखरेवर, आणि ती साखर एरवी फळात गेली असती.

काढण्यासारखी पानं आहेतच: मातीला टेकणारी, पिवळी पडलेली, करपा या बुरशीच्या रोगाचे गोल गोल वळ्यांचे डाग आलेली. पाणी घालताना मातीचे शिंतोडे उडून करपा खालूनच चढतो, म्हणून पहिला घोस धरल्यावर त्याखालची पानं एका वेळी एक-दोन काढत जावं. सकाळी, कोरड्या हवेत, म्हणजे जखम दिवसभरात सुकते. बोकड्या, म्हणजे पानं आकसून गुंडाळणारा विषाणूरोग, झालेलं झाड मात्र पानं खुडून सुधारत नाही. तो विषाणू झाडभर पसरलेला असतो, पांढरी माशी तो शेजारच्या कुंडीत नेते. ते झाड मुळासकट उपटावं लागतं. आणि तंबाखू मळणाऱ्यांनी झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, कारण मोझॅक या पानं चितकबरी करणाऱ्या रोगाचा विषाणू तंबाखूतून बोटांवर आणि बोटांवरून ताज्या जखमेत सहज जातो.