फ्लॅशरवर पहिला आळ

जुन्या ट्रकचा इंडिकेटर लागेनासा झाला की निकाल आधीच लागलेला असतो: फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारी डबी, गेला. ड्रायव्हर म्हणतो फ्लॅशर, क्लीनर म्हणतो फ्लॅशर, आणि टपरीवर चहा पिणारा, ज्याचा ट्रकशी संबंध फक्त ओव्हरटेकपुरता, तोही मान हलवून सांगतो की फ्लॅशरच. डबी एवढीशी, दुकानात लगेच मिळते, दोन वायरी ओढल्या की हातात येते. आळ घ्यायला याहून गरीब जीव गाडीत दुसरा नाही. माझं म्हणणं असं की फ्लॅशर सगळ्यात शेवटी बदलायचा. आधी मागे जाऊन चिखलाने माखलेल्या टेललॅम्पसमोर उकिडवं बसायचं.

मुळात आपल्याकडे इंडिकेटरवाचून फारसं कोणाचं अडत नाही. उजवीकडे ड्रायव्हरचा हात असतो, डावीकडे क्लीनरची दारावरची थाप. शिवाय उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मी उजवीकडे वळतोय’ आणि दुपदरी रस्त्यावर तोच म्हणजे ‘या, खुशाल पुढे जा’. एका दिव्याचे दोन अर्थ, आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेले. पण पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, गाडी नेली की तिथे थाप चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०२ सांगतो की दिवा पिवळसर नारिंगी हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. म्हणजे सेकंदकाट्यापेक्षा आळशी नको आणि त्याच्या दुपटीपेक्षा उतावीळ नको. तपासायला मनगटावरचं घड्याळ पुरतं.

जुनी डबी कशी चालते ते एकदा समजून घ्यावं, म्हणजे तिच्यावर दया येते. आत दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते, इस्त्रीत असते तशी. बल्बचा करंट तिच्यातून जातो, ती तापते, वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, दिवा विझतो. मग ती थंड होते, सरळ होते, दिवा पुन्हा लागतो. मिनिटाला नव्वद वेळा रागावायचं आणि नव्वद वेळा शांत व्हायचं, एवढंच तिचं काम. पण रागवायला कारण पुरेसं लागतं. १२ व्होल्टच्या गाडीत २१ वॉटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, पुढचा-मागचा मिळून साडेतीन. त्यातला एक उडाला की पट्टीला नीट ताप येत नाही. दिवा एक तर रेंगाळतो, नाहीतर लागला की लागलेलाच राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा स्वभाव उलटा: बल्ब उडाला की तो दुप्पट वेगाने टिकटिकतो. त्यामुळे टिकटिक बिघडली तर आधी डबीचा प्रकार बघा आणि खाली उतरून चारही बल्ब बघा. बिघडलेली टिकटिक ही बहुतेक वेळा डबीने केलेली तक्रार असते, आणि आपण तक्रारदारालाच नोकरीवरून काढतो.

फक्त एकाच बाजूला बोंब असेल तर फ्लॅशर निर्दोष. तो दोन्ही बाजूंना एकच असतो. दोन्ही बाजू मेल्या असतील तर आधी फ्यूज बघा, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असेल तर ती करणाऱ्याला मनात काय ते बोलून खरा १० अँपिअरचा बसवा. नंतर हॅझर्डचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारं, बटण पंधरा-वीस वेळा दाबा-सोडा. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्या बटणातून फिरून येतो, आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या बटणाच्या आत कार्बन धरलेला असतो. बिनपैशाचा उपाय आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

तरीही संशय डबीवरच असेल तर चाचणी दोन मिनिटांची. किल्ली चालू, इंडिकेटरची दांडी एका बाजूला, डबी सॉकेटमधून उपटायची आणि सप्लायची वायर (डबीवर ‘बी’ किंवा ‘४९’ छापलेल्या पिनेची) दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला (‘एल’ किंवा ‘४९ए’) तुकड्याने जोडायची. त्या बाजूचे दिवे स्थिर आणि झगझगीत लागले तर वायरिंग ठीक, डबी खरंच गेली. नाही लागले तर दोष दुसरीकडे, दुकानात जाऊ नका. वायरींच्या रंगावर मात्र जाऊ नये. वीस वर्षं वायरमनांच्या हाताखालून गेलेल्या ट्रकात केबिनमधली लाल वायर टेपच्या गाठोड्यात निळी होऊन शिरते आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हिरवी होऊन निघते.

दिवे मिणमिणले तर मुख्य आरोपी सापडला: अर्थिंग, म्हणजे करंटची चासीतून बॅटरीकडे परतायची वाट. टेललॅम्पचा बोल्ट गंजलेला, त्यावर रंगाचे तीन थर, वर मळी. लॅम्प बॉडीच्या लाकडी फळीवर ठोकलेला असेल तर विचारायलाच नको, लाकडातून अर्थ कसा मिळणार! मग करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बांतून घुसतो: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प डोळे मिचकावतो. मल्टिमीटर असेल तर दिवा चालू ठेवून होल्डरच्या कवचापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर जमीन कच्ची. चासीवर एक जागा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, होल्डरपासून दीड स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर तिथे आणायची, तिच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबायचं, दातेरी वॉशर घालून आवळायचं आणि वरून ग्रीस. नुसती पिळून टेप मारलेली वायर पहिल्या पावसापर्यंतच टिकते.

आता डबी घ्यायचीच असेल तर आधी बॅटऱ्या बघा. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट असं नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला गेला असेल तर २४, प्लसला प्लस असेल तर १२च. १२ची डबी २४च्या गाडीत जळते. उलटी चूक जास्त मजेशीर: १२च्या गाडीत चुकून २४चा बल्ब बसला की तो मंद लागतो, करंट एक तृतीयांशाच्या आसपास ओढतो आणि पट्टी तापत नाही. आळ पुन्हा डबीवर. डबीवर छापलेलं वॉटेजही वाचा. हॅझर्डला चार बल्ब २१चे आणि बाजूचे दोन ५चे धरले तर ९४ वॉट होतात, १२ व्होल्टवर जवळजवळ आठ अँपिअर. फक्त दोन बल्बांसाठी बनवलेली डबी हे फार काळ सोसत नाही.

खरा तमाशा एलईडी लावल्यावर सुरू होतो. एलईडी एवढा कमी करंट घेतो की जुन्या पट्टीला राग येतच नाही आणि इलेक्ट्रॉनिक डबीला वाटतं सगळे बल्ब उडाले. यावर दुकानदार सोनेरी अंगाचा रेझिस्टर देतो: ६ ओहम, ५० वॉट, लॅम्पला पॅरलल. चालतो. पण वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि वाचलेली वीज तापवायला रेझिस्टर, हा हिशेब मला पटत नाही. चालू गाडीत १४ व्होल्टवर तो जवळजवळ ३३ वॉट उष्णता टाकतो, म्हणजे प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला टेकलेला असेल तर ते वितळणार. पत्र्यावरच आवळायचा. आणि २४च्या गाडीत तोच ६ ओहमचा लावला तर २८ व्होल्टवर १३० वॉट! तिथे २५ ते २७ ओहमचा लागतो.

त्यापेक्षा एलईडीसाठीची इलेक्ट्रॉनिक डबी घ्या. तिला तिसरी पिन असते, आणि सगळा घोळ त्या पिनेत आहे. नव्या डबीवर ती ‘ई’ किंवा ‘३१’, म्हणजे अर्थ. जुन्या तीन पिनांच्या डबीवर मात्र ‘पी’, म्हणजे डॅशवरच्या पायलट दिव्याकडे जाणारी. दिसायला दोन्ही सारख्या, सॉकेटात दोन्ही बसतात. बसते म्हणून बसवू नये. टेस्ट लॅम्पचं (दोन वायरी लावलेल्या तपासणीच्या बल्बचं) एक टोक बॅटरीच्या प्लसला लावून दुसरं टोक सॉकेटातल्या तिसऱ्या वायरीला टेकवा. टेस्ट लॅम्प पूर्ण पेटला तर ती अर्थ. टेस्ट लॅम्प विझलेलाच आणि डॅशवरचा छोटा दिवा लागला, तर ती पायलटची. तिला टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि नव्या डबीला चासीवरून वेगळी अर्थ द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढून काम करा, आणि डबी वायरींना लटकत ठेवू नका. खड्ड्यात ती झोके घेते आणि पिना सैल करते.

एवढं करूनही काही गाड्यांत दांडी डावीकडे टाकली की चारही कोपरे लुकलुकतात. घाबरू नका, भूत नाही. दोन्ही बाजूंना मिळून डॅशवर एकच पायलट दिवा असतो, त्याचं एक टोक डाव्या वायरीला, एक उजव्या. पूर्वी त्याला उजव्या बाजूच्या मोठ्या बल्बांतून अर्थ मिळायचा आणि एवढ्याशा करंटने ते बल्ब पेटत नसत. एलईडी त्याच थेंबभर करंटवर उजळतात. उपाय करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड, वन-एन-४००७: एक डाव्या वायरीवरून, एक उजव्या वायरीवरून, दोन्हींची पांढरी पट्टी पायलट दिव्याकडे, आणि दिव्याचं दुसरं टोक मोकळं करून अर्थला. माल काही रुपयांचा. स्टिअरिंगखाली पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून ते जोडण्याची मजुरी मात्र वेगळी.

शेवटी हेडलाइट आणि ब्रेक दोन्ही चालू ठेवून मागून बघायला क्लीनरला पाठवा. तो ‘लागतोय’ ओरडेल. कुठला, ते पुन्हा विचारा. आणि इंडिकेटर सुरळीत लागला म्हणून डावीकडे वळताना त्याची दारावरची थाप बंद करू नका. आरशात न दिसणारा दुचाकीवाला पिवळ्या दिव्याकडे बघतच नाही. तो थापेनेच जागा होतो.