थर्मल पेस्टच्या १ ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. आमच्याकडून तुम्ही आर्क्टिक एमएक्स-४ या थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची, उष्णता पुढे नेणारी पेस्ट) ४ ग्रॅमची ट्यूब ५४० रुपयांना नेली आणि आय५-१२४००एफ प्रोसेसरवर, इंटेलच्या पेटीतल्याच कूलरखाली, घरी लावलीत. जानेवारीत सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवताना ७४ अंश दिसत होते, मे महिन्यात नवी पेस्ट लावून ७८ आले. मग दुसऱ्या एका दुकानात पाकिटावर १२.५ आकडा असलेली क्रायोनॉट पेस्ट लावून घेतलीत, तिथे ६९ आले. शिवाय आमच्या ट्यूबमधून आधी तेल निघालं, म्हणजे माल डुप्लिकेट, असं तुमचं म्हणणं.

आमची चूक आधी. काउंटरवर तुम्हाला "दहा अंश तरी उतरेल" असं सांगितलं गेलं. कूलर कोणता, आधीची पेस्ट कुठली आणि किती जुनी, हे न विचारता कोणीही असा आकडा देऊ नये. त्याबद्दल माफी मागतो. पण पेस्ट खराब होती हे मान्य नाही, आणि त्याची कारणं तुमच्याच फोटोंमध्ये आहेत.

तुमचे तीन आकडे तीन वेगवेगळ्या खोल्यांमधले आहेत. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हवेच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. म्हणून तापमानातून खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय तुलनाच होत नाही. पुण्यात जानेवारीत दुपारची खोली २४ धरा: ७४ वजा २४, म्हणजे ५०. मे महिन्यात पंख्याखालची खोली ३३ धरा: ७८ वजा ३३, म्हणजे ४५. आमच्या पेस्टने तुमचे साधारण ५ अंश कमीच झालेत, उन्हाळ्याने ते खाल्ले. तिसऱ्या फोटोत मागे एसी दिसतोय आणि कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलंय. तिथे २५ धरले तर ६९ वजा २५, म्हणजे ४४. खोल्यांचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, एखाद-दोन अंश इकडेतिकडे होतील. पण ४५ आणि ४४ मधला फरक झाकण काढल्यानेही पडू शकतो.

आता एमएक्स-४ चा ८.५ आणि क्रायोनॉटचा १२.५ या आकड्यांबद्दल. हे वॅट प्रति मीटर-केल्विन आहेत, पेस्टमधून उष्णता किती सहज जाते त्याचं माप. कंपन्या ते आपापल्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे दोन पाकिटांवरचे आकडे समोरासमोर ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. तरी ते खरे धरून हिशेब करू. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खातो ती वीज, ७५ वॅट आहे. हीट स्प्रेडरचं (प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणाचं) क्षेत्र ९ चौरस सेंटिमीटर आणि पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर घेतला, तर ८.५ वाल्या थरात अर्धा अंश जातो आणि १२.५ वाल्यात एक तृतीयांश. फरक एका अंशाच्या सहाव्या हिश्श्याएवढा! उष्णता मधल्या चिपपाशी एकवटते म्हणून प्रत्यक्षात तो थोडा वाढेल, पण नऊ अंश होणार नाही. हाच हिशेब बाजारात डबीत मिळणाऱ्या पांढऱ्या सिलिकॉन पेस्टचा केला, तिचा आकडा ०.८ धरून, तर पाच अंशांच्या वर जातात. ती मात्र प्रोसेसरवर खरंच लावू नये. क्रायोनॉट चांगली पेस्ट आहे, कंपनी ती उणे २५० अंशांपर्यंत चालते म्हणते. पेटीतल्या कूलरखाली तिचे जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत, एवढंच.

पेस्टच्या आकड्यापेक्षा थराची जाडी महाग पडते. कूलर उचलल्यावरचा तुमचा फोटो पाहा. एका कोपऱ्यात पेस्ट जाड, जवळजवळ न दबलेली आहे आणि समोरच्या कोपऱ्यात पातळ. म्हणजे कूलर बोर्डवर दाबून बसवायच्या चारपैकी एक पुशपिन बसलेली नव्हती आणि कूलर तिरका टेकला होता. सरासरी थर तिप्पट झाला तर अर्ध्या अंशाचा दीड अंश होतो, आणि पिन पुढे सुटली तर त्याहून बरंच वाईट. दुसऱ्या दुकानात कूलर नीट बसला असणार, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

पिन बसवताना काळी टोपी बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवलेली असावी, बाणाची दिशा सोडवण्यासाठी असते. पिना कर्णाने समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा 'टक्' आवाज यायला हवा. मग बोर्ड उलटा करून चारही भोकांतून पांढऱ्या पायांच्या मधे काळी काडी बाहेर आलीय का ते बघा. मदरबोर्ड कॅबिनेटमध्येच ठेवून हे केलं तर बोर्ड वाकतो आणि हमखास एक पिन राहते. पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते, साधारण ०.२ ग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅममध्ये पंधरा-वीस वेळा होतं. एमएक्स-४ वीज वाहून नेत नाही, त्यामुळे कडेने थोडी बाहेर आली तर घाबरू नका. लावल्यावर "आठवडाभर सेट होऊ दे" हेही तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. तो सल्ला आर्क्टिक सिल्व्हर ५ चा, ती वेगळ्याच कंपनीची पेस्ट. एमएक्स-४ ला थांबायची गरज नाही.

तेलाबद्दल: ट्यूब उन्हात, गाडीच्या डिकीत राहिली की आतलं तेल टोकाशी जमतं. पहिला थेंब टिश्यूवर काढून टाका, नंतर करडी, घट्ट पेस्ट येते. अस्सलपणाची शंका असेल तर पाकिटावरचा कोड आर्क्टिकच्या साइटवर तपासता येतो. कोड जुळला नाही तर ५४० रुपये लगेच परत, ट्यूब वापरलेली असली तरी.

पुढच्या वेळी लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू) लावणार असं लिहिलंय, ते कृपया करू नका. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं, तुमचा कूलर बहुतांशी अॅल्युमिनियमचाच आहे, आणि सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) आसपास थेंब सांडला तर शॉर्ट होतो. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, ७८ ला काही धोका नाही. आवाज कमी हवा असेल तर १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर घ्या, दोन आकडी फरक तिथे दिसेल. मात्र त्यासोबत एलजीए १७०० ची, म्हणजे तुमच्या सॉकेटवर कूलर बसवायची पट्टी आहे का ते बघा. जुन्या १२०० च्या भोकांमध्ये ७५ मिमी अंतर असतं, तुमच्या बोर्डवर ७८.

सोमवार सोडून कधीही पूर्ण कॅबिनेट घेऊन या. पिना बसवून, खोलीचं तापमान लिहून, झाकण लावून सिनेबेंच १० मिनिटं तुमच्यासमोर चालवू, आधी क्रायोनॉटवर आणि मग तुमच्याच ट्यूबमधल्या पेस्टवर. पैसे लागणार नाहीत. येताना ती ट्यूब आणि पाकीट तेवढं आणा.