ट्रेन्ड कुत्रा आणि माझे सांडगे

गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. खाली मजकूर, "टेरेसवर कुणाच्या तरी कुत्र्याने घाण केली आहे. लहान मुले खेळतात. कृपया काळजी घ्यावी." पुढे हात जोडलेले तीन. फोटोत लाल रंगाने एक गोल काढलेला आणि त्या गोलात माझे सांडगे.

कोहळ्याचे सांडगे. तेही घरच्या कोहळ्याचे, म्हणजे निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलेल्या वेलाचे. त्या वेलापायी मी अख्खा पावसाळा सकाळी सातला उठून नर फूल तोडून मादी फुलावर घासत बसलो होतो, कारण सातव्या मजल्यावर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत आणि चुकून पोळं झालंच तर कमिटी लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते. (मादी फूल ओळखायला सोपं असतं, त्याच्या बुडाशी इवलासा केसाळ कोहळा आधीपासूनच असतो. हे मी बायकोला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, हा तुझा छंद आहे, मला यात धरू नकोस.)

एवढं करून कोहळे लागले चार. एक कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानाला दृष्ट नको म्हणून नेला. एक पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी वास्तुशांतीला नेला. तिसरा नेला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, नवीन गाडी आली म्हणून, आणि तो डिसेंबरपासून त्यांच्या दाराला लाल कपड्यात टांगलेला आहे. म्हणीत निदान आवळा देऊन कोहळा काढतात. मला आवळाही कुणी दिला नाही. नंतर बघतो तर आग्र्यात याचा पेठा करून लोक पैसे कमावतात, आणि आपल्याकडे काय, तर टांगून ठेवायचा.

राहिला एक. तो मी पलंगाखाली पोत्यावर ठेवला. कोहळ्याचं एक बरं असतं, अंगावर ती पांढरी राख धरली की तो महिनोन् महिने टिकतो, फ्रिज नको, काही नको. एप्रिलमध्ये ऊन तापलं तसा आईचा फोन आला की आता सांडगे घाल, नंतर वळीव आला की बस बोंबलत.

तर शनिवारी रात्री उडदाची डाळ भिजत घातली. रविवारी पहाटे कोहळा किसायला घेतला. चार किलोचा कोहळा किसून झाल्यावर उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं त्यात गेली असावीत असा माझा अंदाज आहे, पण ते असू दे. कीस पिळला तर पातेलंभर पाणी. मीठ घातलं तर अजून पाणी. कोहळ्यात ९६ टक्के पाणीच असतं हे मी नंतर वाचलं, म्हणजे चार किलो वजन मी पाच महिने पलंगाखाली सांभाळलं ते मुख्यतः पाणी होतं. मग वाटलेली डाळ, जिरं, हिंग, कुंडीतल्या मिरच्या, आणि आईच्या पद्धतीने वर लाल तिखट. हे तिखट पुढे महागात पडलं, कारण त्याने रंग आला तपकिरी.

आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "केवढाले घातलेस रे? बोराएवढे घालायचे असतात. हे काय दिसतंय."

काय दिसतंय ते तिने सांगितलं नाही. आई आहे ती. ते काम काकांनी केलं.

टेरेसवर दोन प्लास्टिकं अंथरली होती. एक दाराजवळ, एक टाकीच्या पलीकडे. दाराजवळच्यावर अकरा-अकराच्या चौदा ओळी, एकशे चौपन्न सांडगे, मोजलेले. कावळ्यांसाठी वर काळी छत्री उघडून बांधली होती. कावळे आले नाहीत.

फोटो आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. अकराला बघतो तर त्रेचाळीस मेसेज. चौथ्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरवाल्यांनी लिहिलेलं, आमचा ब्रूनो खालीच जातो आणि आम्ही पिशवी वापरतो. कुणीतरी, व्हेरी सॅड. कुणीतरी, सीसीटीव्ही बघा. मध्येच एकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. नऊ जणांनी अंगठे दाखवलेले. आणि शेवटचा मेसेज सेक्रेटरींचा, "वॉचमनला पाठवले आहे. फिनेल टाकून घेतो."

मी सात मजल्यांच्या वर धावत गेलो. उशीर झाला होता. टेरेस ओली, फिनेलचा वास, प्लास्टिक पाईपवर वाळत टाकलेलं आणि वॉचमन मामा खराटा घेऊन माझ्याकडे अभिमानाने बघतायत. "सगळं साफ केलं साहेब. ओल्या कचऱ्यात टाकलं." म्हणजे आमच्या खताच्या खड्ड्यात. त्याच खड्ड्यातलं खत मी त्या कोहळ्याच्या वेलाला घातलं होतं.

आणि तिथेच काका होते. पाहणीला आले होते, हातात स्टीलचा चहाचा पेला. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या माणसाला रोज एक तरी पाहणी लागते.

म्हटलं, "काका, ते सांडगे होते."

"कुठले?"

"तुम्ही फोटो टाकलात ते. कुत्र्याची घाण नव्हती ती. कोहळ्याचे सांडगे."

काकांनी मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा. प्रामाणिकपणे सांगा. कशासारखं दिसतंय?"

आता यावर काय बोलायचं. दिसत होतंच तसं. पण म्हटलं, "अहो काका, प्लास्टिकवर होते. ओळीत होते. चौदा ओळी. कुत्रा ओळीत करतो का?"

"तेच तर!" काका म्हणाले. "ओळीत होतं म्हणूनच मला जास्त काळजी वाटली."

"म्हणजे?"

"म्हणजे ट्रेन्ड कुत्रा असणार. ट्रेन्ड कुत्र्याने मुद्दाम केलं तर त्याचा अर्थ मालकाने सांगितलंय. तो वेगळा विषय होतो. तो कमिटीत न्यावा लागतो."

"वर छत्री होती काका!"

"हो, छत्री बघितली मी. मला वाटलं त्याला ऊन लागू नये म्हणून मालकाने लावली."

हा माणूस चेष्टा करत नव्हता हो. माझा कुणी अपमान केला तर मला चालतं, पण करणाऱ्याला आपण अपमान करतोय हे माहीत तरी असावं. मी शेवटचा मुद्दा काढला. म्हटलं, "वास तरी घ्यायचात. हिंगाचा वास येत होता."

काका दोन पावलं मागे सरकले. "अहो, घाणीचा वास कोण घेतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये, रात्री दोनदा उठून शोधलं.

वर त्यांनी सल्ला दिला की पुढच्या वेळी बोर्ड लावा, 'हे खाद्यपदार्थ आहेत' असा. आणि मग जाता जाता, जिन्यात थांबून, एकदम मऊ आवाजात, "कोहळ्याचे म्हणालात ना? आमची आई करायची. दहीभाताबरोबर तळलेला सांडगा, अहाहा. सगळे गेले का हो?"

मी म्हटलं, टाकीच्या पलीकडे एक प्लास्टिक आहे अजून. का म्हटलं मला माहीत नाही. माणूस रडवेला असला की खरं बोलतो.

फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या एका माणसाने बाटलीत अन्न भरून, बूच मारून, उकळून टिकवायची युक्ती काढली. १८१० साली तिथल्या सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. ते अन्न का टिकतं हे त्यालाही सांगता येत नव्हतं, ते कळायला पुढे पाश्चर यावा लागला, तरी दिले. मला संध्याकाळी सेक्रेटरींनी नोटीस दिली. टेरेसवर वाळवण घालण्यापूर्वी दोन दिवस आधी लेखी परवानगी घ्यावी, जागा मार्किंग करून मिळेल.

लेखी परवानगी! याच टेरेसवर तीन बंद पडलेल्या डिश अँटेना आहेत, एक मोडका पलंग आहे, कुणाच्या तरी बाथरूमच्या उरलेल्या टाईल्स गेली चार वर्षं आहेत, त्यांचा फोटो कुणी टाकत नाही. सोलरच्या पॅनलनी अर्धं ऊन अडवलंय ते चालतं. वाड्यात आजी गच्चीभर कुरडया घालायची तेव्हा शेजारपाजारच्या बायका स्वतःहून पाट घेऊन यायच्या, आम्ही पोरं राखणीला बसून निम्मा ओला चीक खायचो आणि मार खायचो. मी हे बायकोला जरा भरून येऊन सांगत होतो. ती म्हणाली, "त्या बायकांना कुणी विचारलं होतं का उन्हात यायचंय का म्हणून?" त्यावर मी विषय बदलला.

आणि हिशोब तर मी कुणाला सांगतच नाही. ड्रम, माती, कोकोपीट, नीमतेल, डाळ धरून माझा एक सांडगा साधारण सोळा रुपयांना पडला. कोपऱ्यावरच्या त्याच वाण्याकडे पाव किलोचं पाकीट मिळतं. त्याच्या दाराला माझा कोहळा.

टाकीपलीकडचे चार दिवसांत खडखडीत वाळले. एका बरणीत मावले, तीही गळ्यापर्यंत आली नाही. काल संध्याकाळी बेल वाजली. दारात काकांचा नातू, हातात स्टीलचा डबा. क्षणभर वाटलं काकूंनी काहीतरी पाठवलं असेल, सॉरी म्हणून शिरा वगैरे. डबा हातात घेतला तर हलका.

"आजोबांनी दिलाय," तो म्हणाला. "सांगितलंय थोडेच द्या." मग जिना उतरता उतरता मागे वळून, पाठ केलेलं विसरू नये म्हणून घाईघाईत, "आणि फिनेलमधले नको म्हणालेत."

मी डब्यात बारा सांडगे घातले. चार-चारच्या तीन ओळी.