सरासरी प्रतिसादवेळ डॅशबोर्डवर का नाही?

नमस्कार. प्रोमेथियस (सर्व्हरांची मोजमापे गोळा करून साठवणारी प्रणाली) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारे साधन) वापरून मी मांडलेल्या डॅशबोर्डवर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: सरासरी प्रतिसादवेळेचा सुटसुटीत आलेख काढून हिस्टोग्रामची (वेळेच्या कप्प्यांनुसार विनंत्यांच्या मोजणीची) गुंतागुंत आणली, मोजमापांना वापरकर्त्याचा क्रमांक लेबल (मोजमापाला चिकटवलेली ओळखखूण) म्हणून जोडला नाही, आणि आकडे सर्व्हरने पाठवण्याऐवजी प्रोमेथियसने मागून घेण्याची पद्धत मागासलेली आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. समजा, १०० विनंत्यांपैकी ९५ विनंत्यांना ५० मिलिसेकंदांत उत्तर मिळाले आणि उरलेल्या ५ विनंत्यांना ४ सेकंद लागले, तर सरासरी २४७.५ मिलिसेकंद येते. एवढा वेळ त्या शंभरांतल्या एकाही विनंतीला लागलेला नसतो. आलेख पाहणारा मात्र पाव सेकंद म्हणजे ठीकच आहे, असे समजून पुढे जातो. ९९ वा पर्सेंटाइल (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के विनंत्या पूर्ण होतात ती वेळ) त्याच वेळी चार सेकंदांच्या आसपास जाऊन बसतो. शिवाय पाच सर्व्हरांचे पर्सेंटाइल स्वतंत्रपणे काढून त्यांची सरासरी घेणे गणिताच्या दृष्टीने चुकीचे असते, तर हिस्टोग्रामचे कप्पे आधी बेरजेने एकत्र करून त्यावरून एकच पर्सेंटाइल काढता येतो. हा आकडा अंदाजी असतो, हे मात्र खरे आहे. एक ते पाच सेकंद एवढा रुंद कप्पा ठेवला, तर त्याच्या आतले मूल्य प्रोमेथियस सरळ प्रमाणाने ठरवते आणि ते बरेच फसवे असू शकते. म्हणूनच ज्या मर्यादेवर इशारा द्यायचा, नेमकी तीच एखाद्या कप्प्याची सीमा असावी.

वापरकर्त्याच्या क्रमांकाबद्दल मी ठाम आहे. प्रोमेथियसमध्ये लेबलांच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीची स्वतंत्र कालमालिका (वेळेनुसार नोंदलेल्या आकड्यांची रांग) तयार होते. १० सर्व्हर, २० मार्ग (विनंत्यांचे पत्ते) आणि ५ प्रतिसादसंकेत असतील, तर एका साध्या काउंटरच्या (फक्त वाढत जाणाऱ्या मोजणीच्या) फार तर १,००० मालिका होतील. त्यात १ लाख वापरकर्ते मिळवले की ही कमाल मर्यादा १० कोटींवर जाते. चालू मालिका स्मरणात ठेवाव्या लागत असल्यामुळे देखरेखीचा सर्व्हरच आधी कोलमडतो (आणि तोही बहुधा नेमका गर्दीच्या वेळी). कोणत्या वापरकर्त्याला त्रास झाला, हा प्रश्न योग्यच आहे, पण त्याचे उत्तर लॉगमध्ये (एकेका घटनेच्या नोंदींत) शोधावे. ग्राफानाला लोकी (लॉग साठवणारी प्रणाली) जोडले, तर आलेख आणि लॉग दोन्ही एकाच पडद्यावर पाहता येतात.

मागून घेण्याच्या पद्धतीचा फायदा असा की सर्व्हरने उत्तर दिले नाही तर प्रोमेथियस स्वतःच त्याच्या ‘अप’ या मापात शून्य नोंदवते. केवळ पाठवण्यावर भिस्त असेल, तर सर्व्हर बंद पडला आहे, की त्याच्याकडे सांगण्यासारखेच काही नव्हते, हे वेगळे ठरवावे लागते. काही सेकंदांत संपणाऱ्या कामांसाठी पुशगेटवे (कामांनी पाठवलेले आकडे प्रोमेथियससाठी धरून ठेवणारा मध्यस्थ) आहे. त्याचा वापर तेवढ्यापुरताच ठेवावा, कारण काम कायमचे थांबले तरी शेवटचा आकडा त्यात तसाच पडून राहतो आणि प्रोमेथियस तो दर खेपेला ताजा म्हणून उचलत राहते.